जीनोमचा डेटा इतरांना देताना आणि इतरांचा घेताना

बडोद्यात वैद्यकीय संशोधन करणाऱ्या एका प्राध्यापिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार एकाच जनुकीय बदलामुळे होत असूनही काही रुग्णांत तो सौम्य आणि काहींत तीव्र का असतो, याचा शोध घेण्यासाठी त्यांच्या विभागाने बडोदे आणि छोटा उदेपूर या जिल्ह्यांतील काही कुटुंबांच्या संपूर्ण जीनोमचे (म्हणजे सगळ्या डीएनएचे) सिक्वेन्सिंग, अर्थात त्यातील अक्षरांच्या क्रमाचे वाचन, करून घेतले आहे. निबंध छापण्यापूर्वी मूळ डेटा एखाद्या भांडारात, म्हणजे संशोधनाचा डेटा साठवून इतरांना देणाऱ्या केंद्रात, जमा करावा, अशी अट नियतकालिकाने घातली आहे. कुटुंबांनी सही केलेल्या गुजराती संमतिपत्रात मात्र ‘या अभ्यासासाठी’ एवढेच म्हटलेले आहे. विभागातील एका सहकाऱ्यांच्या मते नावे काढून टाकली की डेटा खुला करायला काहीच हरकत नाही. दुसऱ्यांच्या मते काहीही बाहेर देऊ नये आणि ‘मागणी केल्यास डेटा उपलब्ध करून दिला जाईल’ असे एक वाक्य निबंधात घालून मोकळे व्हावे. याशिवाय इतरांनी तयार केलेला भारतीय डेटा आपल्या डेटाशी जोडून पाहण्याचाही त्यांचा विचार आहे.

दोन्ही सहकाऱ्यांचे मत मला मान्य नाही, आणि दोघांची गफलत एकाच ठिकाणी होते आहे असे मला वाटते. जीनोमचा डेटा म्हणजे ए, सी, जी, टी या अक्षरांच्या मोठमोठ्या फाइली, असे दोघेही धरून चालले आहेत. असा डेटा जमा करून घेणे, तपासणे आणि मागणाऱ्यांना अटींसह देणे हेच काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की अडचण बहुतेक वेळा त्या फाइलींबरोबर येणाऱ्या एक्सेलच्या साध्या तक्त्यात दडलेली असते. नमुना क्रमांक, वय, लिंग, गाव, समाज, मातृभाषा, आजाराचे स्वरूप, घरातल्या इतर नमुन्यांशी नाते, एवढेच रकाने त्यात असतात. हे रकाने नसतील तर तो डेटा दुसऱ्या कोणाच्या फारसा उपयोगाचा राहत नाही, आणि हे रकाने जसेच्या तसे बाहेर गेले तर नाव खोडूनही माणूस ओळखू येतो. जबाबदारीने डेटा देणे म्हणजे मुख्यतः या तक्त्याचे काय करायचे हे ठरवणे होय.

नावे काढली की काम झाले, ही समजूत कुठून आली हे समजण्यासारखे आहे. १९९६ साली बर्म्युडा येथे भरलेल्या बैठकीत मानवी जीनोम प्रकल्पातील प्रयोगशाळांनी असे ठरवले की एक-दोन हजार अक्षरांहून लांब जुळवलेला क्रम २४ तासांच्या आत सर्वांसाठी खुला करायचा. या विज्ञानशाखेची खुलेपणाची सवय तेथून आली आणि तिचे फायदे सर्वांनाच झाले. परंतु तो क्रम काही अनामिक दात्यांच्या डीएनएचे तुकडे जोडून तयार केलेला होता. त्याला कोणाचा आजार, गाव किंवा भाऊबंद चिकटलेले नव्हते. पुढे रुग्णांचे जीनोम याच सवयीने प्रसिद्ध होऊ लागले तेव्हा धोके दिसू लागले. २००८ मध्ये एका संशोधकगटाने दाखवून दिले की शेकडो लोकांच्या डेटाची केवळ एकत्रित टक्केवारी, म्हणजे कोणत्या जागी कोणते अक्षर किती प्रमाणात आढळले एवढाच तक्ता, प्रसिद्ध केली तरीसुद्धा एखाद्या माणसाची जनुकीय माहिती हाती असल्यास तो त्या गटात होता की नव्हता हे ठरवता येते. गट आजाऱ्यांचा असेल तर ‘होता’ या उत्तराचा अर्थ उघडच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने असे तक्ते त्याच वर्षी सार्वजनिक वापरातून काढून घेतले. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, धोका आणि उपयोग यांचा पुन्हा विचार करून त्यांतील बहुतेक खुले केले, मात्र संवेदनशील ठरवलेल्या अभ्यासांचे तक्ते नियंत्रणाखालीच ठेवले. २०१३ मध्ये आणखी एका गटाने वाय गुणसूत्रावरील खुणा वंशावळींच्या खुल्या संकेतस्थळांवरील नोंदींशी ताडून पाहिल्या, त्यावरून आडनावे काढली आणि वय व राज्य यांची जोड देऊन जवळजवळ ५० अनामिक दात्यांची ओळख पटवली.

आपल्याकडे एवढ्या खटाटोपाची गरजही पडत नाही. बडोद्यातील मराठी माणसांचेच उदाहरण घेऊ. गायकवाडांच्या फौजेबरोबर किंवा पुढे सयाजीरावांच्या काळात नोकरीसाठी आलेली आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे आहेत; त्यांची सोयरीक बडोद्यात, पुण्यात, इंदुरात किंवा ग्वाल्हेरात, परंतु बहुतेक आपल्याच पोटजातीत होत आली. एखाद्या लहान पोटजातीची शहरातील सगळी घरे एकमेकांना माहीत असतात. अशा वेळी तक्त्यातील एका ओळीत ‘मातृभाषा मराठी, अमुक पोटजात, बडोदे, स्त्री, वय ३४, अमुक दुर्मिळ आजार, एक भाऊ मृत’ इतके लिहिलेले असेल, तर दांडिया बाजारात जुन्या काळापासून राहणाऱ्या कोणालाही ती बाई कोण हे सांगायला संगणक लागणार नाही. छोटा उदेपूरच्या एखाद्या फळियात (वस्तीत) तर ‘गाव’ हा एकच रकाना पुरे होतो.

येथे भारतीय डेटाचे एक वेगळेपण लक्षात घ्यावे लागते. जातीतच लग्न करण्याच्या शेकडो वर्षांच्या रिवाजामुळे आपल्याकडील अनेक समाजांत थोड्या मूळ पुरुष-स्त्रियांकडून आलेले जनुकीय बदल साठून राहिले आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूह तपासले गेले आणि त्यांतील ८१ समूहांमध्ये हा परिणाम फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही तीव्र आढळला. वैद्यकाच्या दृष्टीने ही माहिती मोलाची आहे, कारण दुर्मिळ आजारांचे बदल अशा समूहांत लवकर सापडतात आणि विवाहपूर्व किंवा प्रसूतिपूर्व तपासणी नेमकी कोठे करावी हे कळते. परंतु याच कारणामुळे एखाद्या समाजाविषयीचे विधान त्या समाजातील प्रत्येक मुलीच्या लग्नापर्यंत जाऊन पोचते. ज्यांनी नमुना दिलेला नाही आणि ज्यांना कोणी विचारलेलेही नाही, अशांनाही ते लागू होते. म्हणूनच मी या उत्तरात कोणत्याही समाजाचे नाव मुद्दाम घेतलेले नाही. तुमच्या निबंधाच्या शीर्षकातही ते असावे का, याचा एकदा विचार करावा.

अशा सामूहिक हानीचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील हवासुपाई या आदिवासी समाजाचे आहे. १९९० पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. लोकांची समजूत अशी होती की मधुमेहाचा अभ्यास चालू आहे. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, आप्तविवाहाचे प्रमाण आणि त्यांच्या पूर्वजांचे स्थलांतर या विषयांसाठीही वापरले गेले. आपण येथलेच मूळचे, अशी त्या समाजाची श्रद्धा असताना ‘तुमचे पूर्वज आशियातून आले’ हे त्यांच्याच रक्तावरून, त्यांना न विचारता सांगितले गेले. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत देऊन तडजोड केली. यात कोणाचेही नाव फुटलेले नव्हते, हे तुमच्या पहिल्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आणून द्यावे. सिकल सेलसाठी दिलेल्या रक्तातून तयार झालेला संपूर्ण जीनोम खुल्या भांडारात ठेवला, तर त्याच कुटुंबांच्या मानसिक आजारांविषयी, बुद्धिमत्तेविषयी किंवा मूळ वंशाविषयी कोणीही काहीही तपासू शकेल आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

कायद्याचा आधार किती आहे, हेही पाहू. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा ओळख पटू शकणाऱ्या व्यक्तीच्या डेटाला संरक्षण देतो. संशोधनासाठी त्यात सवलत आहे, परंतु त्या डेटावरून संबंधित व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि सरकारने घालून दिलेले निकष पाळले जावेत, या अटींवर. आधीच्या, २०१९ च्या विधेयकात जनुकीय डेटा ‘संवेदनशील’ म्हणून वेगळा काढलेला होता. अंतिम कायद्यात तसा वर्गच नाही. समाज किंवा कुटुंब हा घटक तर या कायद्याच्या चौकटीत बसतच नाही. अमेरिकेत २००८ मध्ये जनुकीय भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, तसा आपल्याकडे अजून नाही. विमा कंपनीने जनुकीय आजाराचे कारण पुढे करून सरसकट दावा नाकारणे भेदभावाचे आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले, हे महत्त्वाचे असले तरी एका निकालावर सगळा भार टाकता येत नाही. थोडक्यात, या कुटुंबांचे संरक्षण आज तरी बरेचसे तुमच्या संमतिपत्रावर आणि भांडाराच्या अटींवर अवलंबून आहे.

मग दुसऱ्या सहकाऱ्यांचे ऐकून सगळेच कुलुपात ठेवावे काय? तेही बेजबाबदारपणाचेच ठरेल. २०१६ मध्ये घेतलेल्या एका आढाव्यानुसार जनुक आणि आजार यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. आपल्या लोकांचा डेटा बाहेर दिसत नसल्यामुळेच आपल्या रुग्णाच्या अहवालात ‘या बदलाचा अर्थ अनिश्चित’ असे पुन:पुन्हा लिहिले जाते. शिवाय ज्या आईने आजारी मुलाला घेऊन बसने बडोद्याला येऊन रक्त दिले, तिच्या मुलाच्या पुढच्या पिढीला त्याचा उपयोग व्हावा ही अपेक्षा तिने ठेवलेली असते. तेच काम दुसऱ्या विभागाने नव्याने सुया टोचून करावे, हे तिला कसे पटावे? ‘मागणी केल्यास देऊ’ या वाक्यावर तर माझा मुळीच विश्वास नाही. २०२२ च्या एका पाहणीत असे वाक्य छापलेल्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना प्रत्यक्ष पत्रे पाठवून डेटा मागितला गेला, तेव्हा ९३ टक्के लेखकांनी एकतर उत्तर दिले नाही किंवा नकार दिला. यात नेहमी लबाडीच असते असे नाही. पीएच.डी. संपवून विद्यार्थी निघून जातो, हार्ड डिस्क कपाटात पडून बिघडते, कोणत्या नमुन्याचा कोणता क्रमांक हे फक्त त्यालाच माहीत असते. शिवाय या पद्धतीत कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही याचा निकष लिहून ठेवलेला नसतो. ओळखीच्या माणसाला पेनड्राइव्हवर मिळते, अनोळखी माणसाच्या मेलला उत्तर जात नाही. खुल्या भांडारापेक्षा ही वाट सुरक्षित वाटते खरी, परंतु पेनड्राइव्ह पुढे कोणाकडे गेली याची नोंद कोठेच राहत नाही.

माझा सल्ला असा की डेटाचे थर करावेत आणि प्रत्येक थराचा निर्णय वेगळा घ्यावा. सर्वांत वरचा थर पूर्ण खुला: अभ्यासाचे वर्णन, नमुन्यांची संख्या, सिक्वेन्सिंगची पद्धत, विश्लेषणाचे प्रोग्रॅम, डेटा मागण्याची रीत. यात कोणाचीही ओळख नसते, आणि डेटा अस्तित्वात आहे हे जगाला कळणे हीच अर्धी सोय असते. त्याखालचा थर एकत्रित टक्केवारीचा. तो खुला करता येतो, परंतु तुमच्यासारख्या लहान, कुटुंबनिहाय आणि एकाच आजाराच्या अभ्यासात तो खुला करू नये असे मला वाटते, कारण वर सांगितलेला २००८ चा धोका लहान गटांतच अधिक असतो. व्यक्तिगत जीनोम आणि त्याबरोबरचा तक्ता हा तिसरा थर नियंत्रित प्रवेशाच्या, म्हणजे अर्ज तपासून अटींवरच डेटा देणाऱ्या, भांडारातच जावा. फरीदाबाद येथील प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्रातील भारतीय जैविक डेटा केंद्र नोव्हेंबर २०२२ पासून राष्ट्राला अर्पण झालेले आहे आणि तेथे मानवी डेटासाठी नियंत्रित प्रवेशाची सोय आहे. जैवतंत्रज्ञान विभागाची २०२१ ची ‘बायोटेक-प्राइड’ मार्गदर्शक तत्त्वेही सार्वजनिक निधीतून निर्माण झालेला डेटा अशा राष्ट्रीय भांडारात यावा असेच सांगतात. भांडाराने दिलेला नोंदणी क्रमांक नियतकालिकाला पुरतो. ‘सार्वजनिक’ याचा अर्थ ‘कोणीही उतरवून घ्यावे’ असा त्यांच्या नियमांतही सहसा नसतो, मानवी डेटासाठी नियंत्रित प्रवेश त्यांना मान्य असतो. परदेशी सहकारी असतील तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते, आणि ती डेटा पाठवण्याआधी घ्यायची असते.

तक्त्याचे तुकडे करताना प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारावा: हा रकाना कोणत्या वैज्ञानिक प्रश्नासाठी लागेल? वयाऐवजी पाच-पाच वर्षांचे गट चालतात, मात्र तुमच्या विषयात पहिला त्रास कोणत्या वयात झाला हे नेमके लागेल, म्हणून ते नियंत्रित थरात नेमकेच ठेवावे. गावाचे नाव कोणत्याही थरात नको. जन्मतारीख, रुग्णालयाचा केस नंबर, आधारचे शेवटचे चार अंक (हेही लोक लिहून ठेवतात) यांची यादी संस्थेतच, वेगळ्या संगणकावर राहावी. समाजाचे नाव हा सर्वांत अवघड रकाना आहे. वैज्ञानिक दृष्टीने तो बहुमोल आहे, सामाजिक दृष्टीने सर्वांत घातक. तो नियंत्रित थरात ठेवून, ‘निकाल प्रसिद्ध करताना समाजाचे नाव नैतिकता समितीच्या मान्यतेशिवाय छापू नये’ अशी अट डेटा-करारात (डेटा घेणाऱ्याशी होणाऱ्या करारात) घालता येते.

जिल्ह्याच्या रकान्याबाबत आपल्या भागातील एक सूक्ष्म गोष्ट सांगतो. छोटा उदेपूर हा जिल्हा ऑगस्ट २०१३ मध्ये बडोदे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी गोळा केलेल्या नमुन्यांवर ‘जिल्हा वडोदरा’ असे लिहिलेले असेल तर तो माणूस मांजलपूरचा की क्वांटच्या डोंगराळ भागातला, हे कळायला मार्ग नसतो, आणि या दोन ठिकाणी सिकल सेलच्या प्रमाणात फार मोठा फरक आहे. म्हणून जिल्ह्यासोबत नमुना घेतल्याचे वर्ष हवेच.

आता इतरांचा डेटा घेण्याविषयी. हा भाग तुमच्या प्रश्नात शेवटी आला आहे, परंतु चुका येथेच जास्त होतात आणि त्या लवकर दिसतही नाहीत. जगभर ‘गुजराती’ म्हणून जो संदर्भ डेटा सर्वाधिक वापरला जातो तो १००० जीनोम प्रकल्पातला आहे. त्या प्रकल्पात २६ लोकसमूहांतील २,५०४ जणांचे जीनोम आहेत आणि त्यांत दक्षिण आशियाई समूह पाच: ह्यूस्टनमधील गुजराती, लाहोरमधील पंजाबी, बांगलादेशातील बंगाली, ब्रिटनमधील तेलुगू आणि ब्रिटनमधील श्रीलंकन तमिळ. यांतल्या एकाही समूहाचे नमुने भारतात घेतलेले नाहीत. टेक्सासला जाऊन स्थायिक झालेले गुजराती कोणत्या समाजांतून आणि कोणत्या थरांतून गेले याचा थोडा जरी विचार केला, तरी छोटा उदेपूरच्या रुग्णांसाठी तो तुलनागट होऊ शकत नाही हे ध्यानात येते. तरीही ‘गुजराती लोकसंख्येत हा बदल आढळत नाही’ अशी वाक्ये ह्यूस्टनच्या शंभरेक लोकांच्या आधारे लिहिली जातात. आणि उलट बाजूने, बडोद्यात जन्मलेल्या मराठी माणसाचा नमुना केवळ जन्मस्थानावरून ‘गुजराती’ म्हणून नोंदला गेला, तर पुढे तो ज्याच्या हाती पडेल त्याची फसगत निश्चित.

भारतातच घेतलेल्या डेटामध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या ‘इंडिजेन’ प्रकल्पातील १,०२९ जीनोमची एकत्रित टक्केवारी खुली आहे. त्यात सापडलेल्या सुमारे साडेपाच कोटी बदलांपैकी ३२ टक्के जागतिक संचांत आधी नोंदलेलेच नव्हते. तुमच्यासाठी पहिला थांबा तोच असावा. सुमारे १०,००० जीनोमच्या ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पाचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध झाल्याचे जाहीर झाले. तो फरीदाबादच्या त्याच केंद्रात आहे आणि अर्ज करून, अटी मान्य करून मिळतो. अर्ज लिहिताना आपला प्रश्न नेमका लिहावा. ‘सिकल सेलची तीव्रता बदलणाऱ्या, गर्भातील हिमोग्लोबिनशी संबंधित जनुकांतील बदलांचे प्रमाण’ असे लिहिलेला अर्ज ‘भारतीय जनुकीय विविधतेचा अभ्यास’ असे लिहिलेल्या अर्जापेक्षा समितीला तपासायला सोपा जातो.

दोन संच जोडताना कोणत्या चुका होतात, हे तुमच्याच आजाराच्या बदलावरून सांगता येईल. सिकल सेलचा बदल अकराव्या गुणसूत्रावर आहे. २००९ च्या जीआरसीएच३७ या संदर्भ जीनोमवर (तुलनेसाठी सर्वजण वापरतात त्या प्रमाण क्रमावर) त्याचे स्थान ५२४८२३२ आहे, तर २०१३ च्या जीआरसीएच३८ वर ५२२७००२. हा बदल ज्यात होतो ते बीटा ग्लोबिनचे जनुक डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट्या धाग्यावर वाचले जात असल्यामुळे जनुकाच्या बाजूने ‘ए’चा ‘टी’ झालेला बदल फाइलीत ‘टी’चा ‘ए’ असा येतो. जुने वैद्यकीय अहवाल प्रथिनातील सहाव्या स्थानाचा उल्लेख करतात, आजची नामपद्धती सुरुवातीचे मेथिओनिन मोजून सातवे म्हणते. म्हणजे एकच बदल, आणि तो लिहिण्याच्या चार-पाच रीती. त्यातही ए आणि टी ही एकमेकांची पूरक जोडी असल्याने कोणी धागा उलटा धरला तरी संगणकाला विसंगती दिसत नाही. निरोगी आणि रुग्ण यांची अदलाबदल होऊनही तक्ता व्यवस्थित दिसतो. म्हणून संच जोडण्याआधी कोणता संदर्भ जीनोम, कोणता धागा आणि कोणती आवृत्ती हे लेखी तपासावे, आणि ते लिहिलेले नसेल तर डेटा देणाऱ्याला विचारावे. अंदाज करू नये. एक्सेलने जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकण्याचा त्रास तर इतका पसरला होता की २०१६ च्या एका पाहणीत एक्सेल यादी जोडलेल्या सुमारे एकपंचमांश निबंधांत ही चूक सापडली आणि शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने त्या जनुकांचीच नावे बदलली.

याहून घातक म्हणजे फाइलीतील मौनाचा अर्थ लावणे. बदलांच्या फाइलीत एखादी जागा नसेल तर तेथे बदल नव्हता असे लोक समजतात, परंतु त्या जागेचे वाचनच पुरेसे झालेले नसेल अशीही शक्यता असते. तुमचे जीनोम एका यंत्रावर, एका प्रोग्रॅमने आणि तुलनेचा संच दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या प्रोग्रॅमने तयार झाला असेल, तर ‘रुग्णांत आढळणारे आणि निरोगी लोकांत न आढळणारे’ म्हणून जे बदल वर येतात त्यांतील बरेचसे यंत्रांतील फरकामुळे आलेले असतात. शक्य असेल तर कच्च्या वाचनापासून दोन्ही संचांवर एकत्र प्रक्रिया करावी. एका जीनोमच्या कच्च्या फाइली १०० जीबीच्या आसपास जातात, त्यामुळे हे काम विभागातल्या संगणकावर होणार नाही. त्यासाठी वेळ आणि पैसा आधीच धरावा.

आपल्या डेटाचा इतरांकडून कसा गैरसमज होईल याचाही विचार तुम्हालाच करावा लागेल. तुमचे नमुने आजारी कुटुंबांतले, एकमेकांचे नातेवाईक आहेत. त्यांवरून काढलेले कोणत्याही बदलाचे प्रमाण हे त्या समाजातील प्रमाण नव्हे. हे वाक्य निबंधात एकदा लिहून पुरत नाही. भांडारातील वर्णनात, तक्त्याच्या पहिल्या ओळीजवळ आणि डेटा-करारात, जेथे वापरणाऱ्याची नजर पडेल अशा प्रत्येक ठिकाणी ते असावे. मिळालेल्या डेटाच्या अटी त्यापासून काढलेल्या नव्या फाइलींनाही लागू राहतात, हेही विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे. नियंत्रित डेटा एखाद्या ऑनलाइन सेवेवर किंवा संभाषण करणाऱ्या एआय साधनावर ‘फक्त तपासण्यासाठी’ चढवणे हेही तो तिसऱ्याला देणेच आहे.

राहिले ते संमतिपत्र. ‘या अभ्यासासाठी’ या शब्दांवर व्यक्तिगत जीनोम भांडारात देता येणार नाही, नियंत्रित भांडारातसुद्धा नाही, असे माझे मत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार साठवलेल्या नमुन्यांचा किंवा डेटाचा नवा उपयोग करायचा असेल तर तो नैतिकता समितीपुढे न्यावाच लागतो, आणि पुन्हा संमती घ्यायची की तिच्यातून सूट द्यायची हे समिती ठरवते. तुमची कुटुंबे उपचारांसाठी तुमच्याशी जोडलेली असल्याने सूट मागू नये, पुन्हा संमती घ्यावी. नव्या पत्रात वेगवेगळ्या खुणा करता येतील असे पर्याय द्यावेत: फक्त सिकल सेलसाठी, कोणत्याही आरोग्यविषयक संशोधनासाठी, किंवा कोणत्याही संशोधनासाठी. भांडारांत या पर्यायांसाठी प्रमाणित संकेत आहेत, ते तुमच्या तक्त्यातील प्रत्येक नमुन्याला जोडता येतात आणि पुढची समिती ते पाहून निर्णय घेते. खाजगी कंपनीने वापरले तर चालेल का, आणि तपासणीत दुसरा गंभीर आजार दिसला तर कळवायचे का, हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत. संमती मागे घेता येईल, परंतु आधीच दिला गेलेला डेटा परत गोळा करता येणार नाही, हेही लपवू नये.

छोटा उदेपूरकडील अनेक घरांत राठवी बोलली जाते. गुजराती छापील मजकूर वाचून दाखवला म्हणजे समजला असे नाही. गावच्या आशा कार्यकर्तीच्या मदतीने त्यांच्या बोलीत समजावून सांगावे, वाचता न येणाऱ्यांसाठी निःपक्ष साक्षीदार ठेवावा, आणि गावातील जाणत्या माणसांशी आधी बोलावे. मात्र त्यांचा होकार घरातल्या व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. यातील पुष्कळ कुटुंबे वर्षाचा बराच काळ सौराष्ट्रात किंवा शहरांत मजुरीला असतात आणि होळीला गावी परततात, म्हणून ही फेरी होळीच्या आठवड्यात आखावी. तोपर्यंत नियतकालिकाला संपादकांच्या नावे पत्र लिहून मुदत मागावी: नैतिकता समितीकडील अर्जाची प्रत जोडावी, वर्णनाचा खुला थर आत्ताच जमा करून त्याचा नोंदणी क्रमांक द्यावा आणि व्यक्तिगत डेटा संमती मिळेल त्या प्रमाणात नियंत्रित भांडारात येईल असे लिहावे. ज्यांच्याशी संपर्क होणार नाही किंवा जे नकार देतील त्यांचे जीनोम विश्लेषणात राहू शकतात, कारण त्या अभ्यासासाठी त्यांनी संमती दिलेलीच आहे. भांडारातून मात्र ते वगळावेत आणि किती वगळले ती संख्या निबंधाच्या डेटा-उपलब्धतेच्या परिच्छेदात द्यावी.